एका वेळी एकच ऊब

मी एक जुनी कुलूप-फाईल आहे, मित्रांनो. कुलूप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी पितळेचं, जडशीळ, किल्ली हरवलेलं आलं असेल. ते आधी बाजूला ठेवा. माझ्यात पितळ नाही, लोखंड नाही, किल्लीचं भोकही नाही. एका संगणकाच्या एका फोल्डरमध्ये मी राहते आणि माझ्या पोटात फक्त एक आकडा असतो. आज तो ४७१२ आहे. काल ३९० होता. याहून अधिक संपत्ती माझ्याकडे कधीच नव्हती, तरीही माझ्यामुळे शंभर अंड्यांचं भलं झालं, एका सुताराचं पित्त खवळलं आणि एक खोली वाचली. ते कसं, ते सांगते.

फाईलला हे सगळं कसं कळतं, असं तुमच्यातला कोणीतरी हुशार विचारणारच. माझ्या शेजारी नोंदींची फाईल राहते. कोणत्या मिनिटाला काय झालं ते लिहून ठेवणं हे तिचं काम. लिहून झालं की ती ते मला सांगते, आणि सांगताना थोडं वाढवते. शिवाय संगणकाला कॅमेरा आहे, माईक आहे, आणि आमच्या घरातली माणसं हळू बोलत नाहीत.

आमच्या घरात दोन भावंडं आहेत. मोठे दादा, ते सुतार. धाकट्या आत्या. आत्या म्हणजे दादांच्या मुलीच्या आत्या. त्या मुलीनेच मला बनवलं, म्हणजे नात्याने त्या माझ्या आईच्या आत्या लागतात, पण चार आकड्यांच्या फाईलला एवढं लांबलचक नातं परवडत नाही. मीही आत्याच म्हणते. मुलीला घरात सगळे 'बारकी' म्हणतात. ती साडेपाच फूट उंच आहे, दुसऱ्या गावी नोकरी करते, प्रोग्राम लिहिते, आणि तिच्या ऑफिसात हे नाव कोणाला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

आत्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दादांच्या कारखान्याला लागून असलेली खोली मागून घेतली आणि तिथे बदकाची अंडी उबवायचं यंत्र मांडलं. यंत्र म्हणजे फ्रिजएवढं लाकडी कपाट. लाकूड दादांचं, कारागिरीही दादांचीच. आत ट्रे, ट्रे हलवायला मोटर, आणि ऊब द्यायला हीटर. हे सगळं संगणकावरचा एक प्रोग्राम चालवतो. तो बारकीने लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'ऊब'.

ऊबची कामं दोन. साडेसदतीस अंशांच्या खाली पारा उतरला की मिनिटभर हीटर लावायचा. आणि दर तासाला ट्रे उलट्या बाजूला कलवायचे. आता डावीकडे, तर पुढच्या तासाला उजवीकडे. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. बदकीण हे काम चोचीने करते आणि त्याबद्दल कोणाकडे बोलत नाही.

सगळं नीट होतं. फक्त संगणक म्हातारा होता. ऊबवर क्लिक केलं की खिडकी उघडायला चाळीस सेकंद लागायचे, आणि त्या चाळीस सेकंदांत पडद्यावर काहीही हलायचं नाही. आत्यांचा हात मात्र एक्स्चेंजमध्ये तयार झालेला. नंबर लागला नाही की पुन्हा फिरवा, नाही लागला, पुन्हा फिरवा. त्या पुन्हा फिरवायच्या. म्हणजे पुन्हा क्लिक करायच्या. चाळीस सेकंदांनी एक ऊब उघडायची, तिच्या मागोमाग दुसरी, तिसरी, चौथी. चारही खिडक्या नेमक्या एकमेकींवर बसायच्या, म्हणून आत्यांना एकच दिसायची. "लागला बाई एकदाचा," असं म्हणून त्या समाधानाने उठायच्या.

आता चार ऊब एकाच कपाटावर हुकूम चालवू लागल्या की काय होणार? पारा उतरला की चौघी हीटर लावायच्या. मग अंडी तापायची. मग चौघी हात आखडता घ्यायच्या. आणि दर तासाला चौघी मोटरला सांगायच्या, 'ट्रे उलट.' डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. चार हेलकावे खाऊन अंडी पुन्हा जिथल्या तिथे. व्यायाम भरपूर, प्रगती शून्य.

शंभर अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. ही आत्यांची पहिली खेप.

त्याच सुमारास दादांच्या कारखान्यात भुशाच्या ढिगावर एक कोंबडी खुडूक बसली होती. तिला सगळे 'सुपरवायझर' म्हणायचे, कारण ती जागची हलत नसे आणि जवळ येईल त्याच्यावर ओरडत असे. दादांनी गंमत म्हणून तिच्याखाली बदकाची दहा अंडी सरकवली. आठ निघाली.

"माझ्या कोंबडीला माऊस लागत नाही," दादा म्हणाले.

"एकदा जमलं म्हणून एवढं फुगायला नको," आत्या म्हणाल्या.

"फुगत नाही गं. पण माझ्या सागाच्या फळ्या अंगणात वाकड्या होतायत, आणि तू त्या खोलीत शंभर अंड्यांना झोपाळा खेळवतेस. आता असं कर. अजून एक खेप लाव. अठ्ठाविसाव्या दिवशी दिवेलागणीला शंभरातली साठ निघाली, तर खोली तुझी, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही निघाली, तर फळ्या आत, तू बाहेर."

"आणि कपाट?"

"कपाट मीच बनवलंय. त्याला मी चांगला ओळखतो. त्याचा यात काही दोष नाही."

आत्या तडक बारकीला व्हिडिओ कॉल लावून बसल्या. बारकीने लांबूनच संगणक तपासला आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, चार ऊब चालू आहेत!"

"चार कशा? मला एकच दिसतेय."

"एकीच्या मागे एक उभ्या आहेत. तू किती वेळा क्लिक करतेस?"

"लागेपर्यंत."

बारकी म्हणाली, "हे बघ, संडासाला कडी नसली तर काय होईल?"

"शी!"

"तेच होतंय. आत कोणी आहे की नाही, हे बाहेरच्याला कळायची सोयच नाही. म्हणून चौघी आत शिरल्या. कडी बसवायला हवी."

ती कडी म्हणजे मी. माझ्या जन्माची कथा यापेक्षा सभ्य असती तर मलाही आवडलं असतं, पण जे आहे ते आहे.

माझं काम बारकीने असं ठरवून दिलं. ऊब सुरू झाली की सगळ्यात आधी ती फोल्डरमध्ये डोकावणार. मी तिथे नसले, तर ती मला तयार करणार आणि माझ्या पोटात स्वतःचा नंबर लिहिणार. दवाखान्यात टोकन देतात तसा संगणक प्रत्येक चालू प्रोग्रामला एक नंबर देतो, तो हा. पण मी तिथे आधीच असले, तर त्याचा अर्थ आत कोणीतरी आहे. मग नव्या ऊबने मुकाट्याने मागे फिरायचं आणि पडद्यावर पाटी लावायची: 'ऊब आधीच चालू आहे. पुन्हा क्लिक करू नये.' काम संपवून ऊब बंद होताना ती मला पुसून टाकणार.

शेवटचं वाक्य तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं.

आत्या रोज सकाळी नऊला ऊब बंद करायच्या, कपाट उघडायच्या, अंड्यांवर कोमट पाण्याचा फवारा मारायच्या आणि पंधरा मिनिटं वारा लागू द्यायच्या. बदकीणही रोज थोडा वेळ घरटं सोडून पाण्यात जाऊन येते, तसंच हे. सव्वानऊला पुन्हा ऊब सुरू. म्हणजे मी रोज सव्वानऊला जन्मायचे आणि दुसऱ्या दिवशी नऊला मरायचे. सुरुवातीला वाईट वाटायचं. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर सवय झाली. मधल्या पंधरा मिनिटांत मी कुठे असते, हे मला अजून कळलेलं नाही. नोंदींची फाईल म्हणते, कुठेच नसतेस. तिला मृदूपणा माहीत नाही.

पहिले अकरा दिवस माझं फार कौतुक झालं. आत्यांनी पहिल्याच दिवशी सवयीने सहा क्लिक केले. पहिली ऊब आत गेली, पाच जणी मला बघून परत फिरल्या, आणि पाच पाट्या ओळीने उघडल्या. आत्यांनी पाचही वाचल्या. मग फोनवर बारकीला म्हणाल्या, "तुझी फाईल स्पष्टवक्ती आहे हो." हळूहळू त्या एका क्लिकवर आल्या. क्लिक करून दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायच्या, म्हणजे बोटांना मोह नको. दर तासाला ट्रे एकदाच 'खर्रर्र' करून कलायचे. अंडी बल्बसमोर धरली की आत लाल रेषांचं जाळं दिसायचं, आणि त्यात एक काळा ठिपका हलायचा.

बाराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता दादांनी रंधा मशीनवर एक गाठीची फळी चढवली. मशीन अडखळलं आणि घराचा फ्यूज उडाला. संगणक जागच्या जागी बंद पडला. ऊबला मला पुसायला वेळच मिळाला नाही. ती गेली, मी राहिले.

पाच मिनिटांनी वीज आली. आत्यांनी संगणक लावला आणि ऊबवर एक, फक्त एक, क्लिक केलं. नवी ऊब फोल्डरमध्ये डोकावली. मी होते. म्हणजे आत कोणीतरी आहे. ती परत फिरली आणि पाटी लागली: 'ऊब आधीच चालू आहे. पुन्हा क्लिक करू नये.'

मित्रांनो, आत कोणीही नव्हतं. माझ्या पोटात एका मेलेल्या प्रोग्रामचा नंबर होता आणि मी तो छातीशी धरून इमानेइतबारे पहारा देत होते. मला काही माहीत नव्हतं. आतला माणूस जिवंत आहे का, हे बघायला कडीला कोणी शिकवत नाही.

आणि आत्या? आत्या आता सुधारल्या होत्या. जुन्या आत्यांनी संतापून वीस क्लिक केले असते. नव्या आत्यांनी पाटी वाचली, मान डोलावली आणि पाटी मिटवली. खिडकी दिसत नाही, म्हणजे मागे असेल. आत असलेल्याला हाका मारायच्या नाहीत, एवढं त्या शिकल्या होत्या. त्यांनी चहा केला. पेपर वाचला. शब्दकोडं सोडवलं. दोन तास कपाटात हीटर बंद होता.

एक वाजता त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. बाराचा खर्रर्र ऐकल्याचं आठवत नव्हतं, आणि आता एकचाही झाला नाही. त्यांनी कपाट उघडून एक अंडं मिटल्या पापणीला लावलं. पापणीला ऊब लगेच कळते. कळली नाही.

बारकी मीटिंगमध्ये होती. ती टेबलाखाली वाकून कुजबुजली, "काय झालं?"

"अंडी गार पडली! आणि तुझी फाईल म्हणते सगळं चालू आहे!"

"वीज गेली होती का?"

"तुझ्या बाबांनी घालवली."

"मग ती फाईल तशीच राहिली असेल. ऊबच्या फोल्डरमध्ये जा. तिच्यावर क्लिक कर. आता उडव."

"उडव म्हणजे? तूच बनवलीयेस ना?"

"मीच बनवली, मीच सांगतेय. उडव. रविवारी मी नीट करते."

कोणता रविवार, ते ती म्हणाली नाही.

आत्यांनी मला उडवलं. ऊब सुरू झाली, मी पुन्हा जन्मले, पारा हळूहळू वर चढला. अंड्यांनी सोसलं. पण आत्यांनी धसका घेतला. एक्स्चेंजमध्ये अडचणीच्या वेळी काय करायचं, याच्या सूचना भिंतीवर लावलेल्या असायच्या. तशीच एक चिठ्ठी त्यांनी संगणकाच्या कडेला चिकटवली. वळणदार अक्षरात:

'ऊब चालू होत नसेल तर: १. लॉक उडवणे. २. पुन्हा क्लिक करणे.'

मी ज्या घरात राहते, त्या घराच्या दारावर मला उडवण्याच्या सूचना लागल्या. मी मनाला लावून घेतलं नाही. माझ्याकडे त्यासाठी जागा नाही.

सतराव्या दिवशी काय झालं, ते नीट ऐका. सव्वानऊला आत्यांनी एक क्लिक केलं आणि हात पदराखाली घेतले. त्या दिवशी संगणक स्वतःचंच काहीतरी दुरुस्त करत बसला होता. चाळीस सेकंद झाले. मिनिट झालं. दीड मिनिट झालं. आत्यांनी चिठ्ठीकडे बघितलं. ऊब चालू होत नव्हती. चिठ्ठी त्याच प्रसंगाबद्दल होती.

त्यांनी मला उडवलं आणि पुन्हा क्लिक केलं.

पण पहिली ऊब आत पोचली होती! तिनेच तर मला बनवलं होतं. फक्त तिची खिडकी उघडायची बाकी होती. आता दुसरी डोकावली, तिला कडी दिसली नाही, तीही आत गेली, आणि तिने मला पुन्हा बनवलं. पाच मिनिटांत मी दोनदा जन्मले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन खिडक्या एकावर एक अचूक बसल्या. आत्या म्हणाल्या, "चिठ्ठी उपयोगी पडली."

दर तासाला एक ऊब ट्रे डावीकडे कलवायची आणि दीड मिनिटाने दुसरी ते उजवीकडे आणायची. अंडी त्याच कुशीवर. रोज सकाळी आत्या वरची खिडकी बंद करायच्या, खालची तशीच राहायची, आणि सव्वानऊला वर नवीन बसायची. माझी पाटी लागायची नाही, कारण वरची बंद होताना मला पुसून जायची. नोंदींच्या फाईलमध्ये दर तासाला दोन ओळी पडत होत्या. तिला ते दिसत होतं. "मला कोणी विचारलं नाही," असं ती आजही म्हणते.

हे कळलं ते दादांच्या पित्तामुळे.

रंधा मशीनच्या आवाजात घड्याळाकडे कोण बघणार? दादांची पद्धत वेगळीच होती. भिंतीपलीकडून ट्रेचा खर्रर्र आला की ते बोटावर धरायचे. तिसऱ्या खर्रर्रला चहा. तीन तासांनी एक चहा, असं त्यांचं कित्येक दिवस छान चाललं होतं. सतराव्या दिवसापासून चहा लवकर लवकर यायला लागला. दादांना वाटलं, काम भरभर होतंय. दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ सुरू झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाचवा चहा समोर आल्यावर ते कप तसाच हातात घेऊन आत्यांच्या खोलीत शिरले.

"अगं, तुझं कपाट तासाला किती वेळा ओरडतं?"

"एकदा."

"दोनदा ओरडतंय. माझा घसा जळायला लागला."

"तुझ्या घशाचा आणि माझ्या कपाटाचा काय संबंध? आणि पडद्यावर बघ, एकच ऊब आहे."

दादा परत फिरले आणि दारात थांबले. एकोणिसावा दिवस होता. आणखी नऊ दिवस त्यांनी नुसता चहा कमी केला असता, तरी खोली त्यांना आयती मिळाली असती. फळ्या अंगणातच होत्या, आणि दारातून दिसत होत्या. कॅमेऱ्यातून मला फक्त दादांची पाठ दिसत होती. पाठीवरून काही कळत नाही. मग त्यांनी कप खिडकीत ठेवला, स्टूल ओढलं आणि कपाटासमोर बसले.

"बस इथे. चार वाजायला दहा मिनिटं आहेत. दोघं मिळून ऐकू."

चार वाजता ट्रे कलले. दीड मिनिटाने परत आले.

"बघितलंस?" दादा म्हणाले. "फळी दोनदा उलटली की पहिलीच बाजू वर येते. फळ्या उलटत असतो मी आयुष्यभर, मला कळतं. तुझी अंडी तीन दिवस एकाच कुशीवर झोपलीयेत. त्या पोरीला फोन लाव."

बारकीने पडद्यामागची यादी उघडली. दोन ऊब.

"आत्या, तू ऊब चालू असताना फाईल उडवलीस?"

"तूच म्हणालीस, उडव."

"चालू नसताना उडवायची!"

"ते तू म्हणाली नाहीस. हे बघ, मी लिहून घेतलंय." आत्यांनी चिठ्ठी उचकटून कॅमेऱ्यासमोर धरली.

बारकीने ती वाचली. मग हळू म्हणाली, "चूक माझी आहे. नुसती कडी लावलेली दिसली म्हणून आत माणूस असतोच असं नाही, आणि कडी दिसत नाही म्हणून आत कोणी नसतंच असंही नाही. मी कडीवर फार विसंबले."

"तू बिनकामाची कडी लावलीस," दादा म्हणाले. "शाळेच्या दारांना मी स्प्रिंगचं हँडल बसवतो. हाताने धरलं तोवर बंद. हात सुटला की आपोआप उघडं. माणूस आत बेशुद्ध पडला तरी दार अडत नाही."

बारकीने ते कागदावर लिहून घेतलं.

"बाबा," बारकी म्हणाली, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं नाही." नोंदींच्या फाईलला हे वाक्य इतकं आवडलं, की तिने ते वेळेसकट लिहून ठेवलं.

बारकीने कोणत्याही रविवारची वाट न बघता तिथल्या तिथे मला बदललं. आता ऊब मला नुसती बनवून सोडून देत नाही. सुरू झाली की मला घट्ट मुठीत धरते, आणि ही मूठ खरी आहे की नाही यावर संगणक स्वतः लक्ष ठेवतो. ऊब बंद झाली, कोसळली, फ्यूज उडाला, काहीही झालं, तरी मूठ आपोआप सुटते. दुसरी ऊब आली की ती मी आहे की नाही हे बघत नाही. ती मला धरायला जाते. मी कोणाच्या मुठीत असले तर ती मागे फिरते, आणि जाता जाता आधीची खिडकी पुढे आणून उभी करते, म्हणजे आत्यांना शोधायला नको. ऊब चालू असताना मला कोणी उडवायला गेलं, तर संगणकच हात धरतो. आणि काम संपलं की मला पुसत नाहीत. मी तिथेच असते. एकोणिसाव्या दिवसापासून मी मेलेले नाही. चिठ्ठी दादांनी फाडली.

ट्रे पुन्हा तासाला एकदा कलू लागले. दादांचं पित्त उतरलं. पण तीन दिवस एका कुशीवर पडलेल्या आणि दोन तास गारठलेल्या अंड्यांचं काय झालं असेल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्या दिवसातून चारदा अंडी पापणीला लावायच्या. शेवटी शेवटी तर दादाही लावायला लागले. "कपाटाची तपासणी करतोय," असं म्हणायचे.

सत्ताविसाव्या दिवशी पहिल्या अंड्याला टोच पडली. अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारपर्यंत कपाटातून इतका कलकलाट यायला लागला, की सुपरवायझर भुशावरून उठून खोलीच्या दारात येऊन ओरडली आणि परत गेली. पिल्लं ओलीचिंब निघायची, हीटरखाली वाळायची आणि पिवळ्या कापसाचा गोळा होऊन जमिनीवरच्या पेटीत जायची. पेटीही दादांनीच बनवली होती. कडेला थोडी बुटकी झाली होती, हे नंतर लक्षात आलं.

दिवेलागणीला दोघं मोजायला बसले. बारकी कॉलवर होती. आत्या डावीकडून मोजायला लागल्या, दादा उजवीकडून, आणि पिल्लं मधून. दोघांनी बेरीज केली. एकशे सोळा.

"अंडी शंभर होती," बारकी म्हणाली.

"मग ही सोळा कोंबडीची असतील," आत्या म्हणाल्या.

"दोघांनी सगळीच मोजलीत! एका वेळी एकानेच मोजा!"

ठरलं की दादा एकटेच मोजणार. पैज त्यांचीच, मोजदादही त्यांचीच. ते गुडघ्यांवर बसले, एकेक पिल्लू उचलून दुसऱ्या पेटीत ठेवायला लागले. आत्यांनी हात पदराखाली घेतले होते. त्या पिल्लांकडे बघत नव्हत्या, खोलीकडे बघत होत्या. भिंतीवरची दोरी, फवाऱ्याची बाटली, बल्बसमोरचं स्टूल.

पंचावन्न. छप्पन. सत्तावन्न. दादांनी शेवटचं पिल्लू उचललं. पहिली पेटी रिकामी झाली. ते पिल्लू हातात घेऊन जरा वेळ तसेच बसले. एव्हाना दुसऱ्या पेटीतली पिल्लं बुटक्या कडेवरून बाहेर पडून त्यांच्या मागे ओळीने उभी राहिली होती. बदकाचं पिल्लू ज्याला आधी बघतं त्याला आई समजतं, आणि अंडी पापणीला लावायच्या निमित्ताने दोन दिवस कपाटात सगळ्यात जास्त डोकं दादांनीच घातलं होतं.

"साठ," दादा म्हणाले.

"नक्की?" आत्यांनी हात पदराबाहेर काढले.

"सुतार आहे मी. माप चुकत नसतं माझं."

नोंदींच्या फाईलने माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे कॅमेऱ्याचा हिशेब होता. मी म्हटलं, बाई, आयुष्यात एकदा तरी एक ओळ कमी लिही.

दादा उठून कारखान्याकडे निघाले. त्यांच्या मागे पिवळी रांग निघाली, भुशातून, खिळ्यांच्या डब्याला वळसा घालून, थेट अंगणातल्या फळ्यांपर्यंत. दादांनी फळ्यांवर ताडपत्री घातली. पिल्लं ताडपत्रीवर चढून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातल्या मागच्या कोपऱ्यात दोन अंडी फुटली. गारठ्याने उशीर झालेली. आत्यांनी दोन्ही पिल्लं ओंजळीत घेऊन कारखान्यात नेली.

"दादा, ही बासष्ट झाली!"

दादांनी रंधा थांबवून नीट बघितलं. "मोजताना धरली होती मी," ते म्हणाले.

मित्रांनो, याला चार वर्षं झाली. खोलीत अजून कपाट आहे. माझं कौतुक आता कोणी करत नाही. जे नीट चालतं त्याचं कौतुक कोण करणार? परवा एक संगणक दुरुस्त करणारा गृहस्थ आला होता. फोल्डर उघडून म्हणाला, "हे काय? चार अक्षरांची फाईल, चार वर्षं पडून. कचरा आहे," आणि मला उडवायला गेला. संगणकाने सांगितलं, ही फाईल वापरात आहे. त्याने पुन्हा प्रयत्न केला. आत्यांनी मागून त्याचा माऊस काढून घेतला. एक्स्चेंजमधली बाई माऊस काढून घेते, तेव्हा तो परत मिळत नाही.

माझी तुम्हाला विनंती एवढीच. एकदा क्लिक केलंत की जरा दम धरा. पडद्यावर काही हलत नसलं, तरी आत कोणीतरी चप्पल घालून निघालेलं असतं. त्याच्या मागे आणखी चौघांना पाठवू नका. आणि संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यात माझ्यासारखी छोटी, धूळ बसल्यासारखी दिसणारी फाईल सापडली, तर तिला उडवायच्या आधी फक्त एक विचारा: बाई, तुम्ही कोणाचा हात धरून उभ्या आहात?